एचडी टीव्हीची छत्री : कंपनी निवडण्याआधी घरचा हिशेब मांडा



22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठा टीव्ही घेण्याचा विचार अनेक घरांत सुरू झाला. टीव्ही भिंतीवर लागला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : छत्री कोणत्या कंपनीची बसवायची? दुकानदार एक नाव सांगतो, मेव्हणा दुसरं सांगतो आणि शेजारी म्हणतो, "माझ्याकडे आहे तीच घ्या."

शेतीखात्याच्या माणसाने यावर का लिहावं, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. टीव्हीचे पैसे एकदाच मोजावे लागतात, छत्रीचे दर महिन्याला. समजा महिन्याचा रिचार्ज 300 रुपयांचा धरला, तर वर्षाचे 3,600 आणि पाच वर्षांचे 18,000 रुपये होतात. आपल्या घरात पैसा येतो तो सोयाबीन, कांदा किंवा ऊस गेला की. रिचार्जची तारीख मात्र दर महिन्याला हजर. बियाणं घेताना आपण पिशवीवरची माहिती वाचतो, तेवढी चौकशी इथंही करायला हवी.

एचडी म्हणजे नेमकं काय?

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. साध्या चॅनेलच्या चित्रात आडवे 720 आणि उभे 576, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार ठिपके असतात. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांहून थोडे जास्त. ठिपके पाचपट, म्हणून चित्र स्वच्छ.

पण हा फरक डोळ्याला दिसतो का, हे पडदा किती मोठा आणि आपण किती लांब बसतो यावर ठरतं. दहा फुटांवरून 32 इंची पडद्याच्या रुंदीत चांगल्या नजरेलाही साधारण 800 ठिपकेच वेगवेगळे ओळखू येतात. साध्या चित्रात 720 असतातच. म्हणजे पडवीत 32 इंची टीव्ही आणि माणसं दहा फूट लांब चटईवर, असा प्रकार असेल तर एचडीचे जादा पैसे बऱ्याच अंशी वाया जातात. 43 इंची पडदा असेल किंवा सहा-सात फुटांवरून बघत असाल, तर फरक नक्की दिसेल.

साखळीतली एक कडी कच्ची, तर सगळंच साधं

ठिबकची मोटर पाच अश्वशक्तीची आणि फिल्टर तुंबलेला असेल तर पाणी थेंबानेच येणार. इथंही तसंच आहे. एचडी चित्र दिसायला चार गोष्टी जुळाव्या लागतात : टीव्ही एचडीचा हवा, सेट-टॉप बॉक्स एचडीचा हवा, निवडलेलं चॅनेल एचडीचं हवं, आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर एचडीएमआय हवी.

चूक बहुधा वायरीत सापडते. जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली असते. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. घरमालक महिन्याला एचडीचे पैसे भरतो आणि चित्र बघतो साधं. आज संध्याकाळी टीव्हीच्या मागे हात घालून बघा. तीन रंगांच्या पिना दिसल्या तर कंपनी बदलण्याआधी वायर बदला.

आधी आभाळ बघा, मग कंपनी

प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले 83 अंश पूर्व रेखांशावर, डी2एच 88 वर, सन डायरेक्ट आणि दूरदर्शनची फ्री डिश 93.5 वर, डिश टीव्ही 95 वर आणि एअरटेल 108.2 अंशांवर. आपला महाराष्ट्र साधारण 72 ते 81 अंशांत येतो. म्हणून सगळ्या छत्र्या दक्षिण ते आग्नेय या बाजूला तोंड करून असतात. त्यातही टाटा प्लेची छत्री दक्षिणेकडे जास्त आणि बरीच वर बघते, तर एअरटेलची पूर्वेकडे जास्त कललेली आणि खालून बघणारी असते.

याचा उपयोग काय? घराच्या आग्नेयेला आंबा, चिंच किंवा शेजाऱ्याचा दुमजली वाडा असेल तर तो आड येतो. ढोबळ हिशेब असा : एअरटेलसाठी छत्रीपेक्षा 30 फूट उंच झाड किमान 30 फूट लांब हवं. फ्री डिश किंवा सन डायरेक्टला तेच झाड 17-18 फुटांवर असलं तरी चालतं. टाटा प्लेला त्याहून जवळ चालेल. झाड दरवर्षी वाढतं, हेही धरा. छत्रीसाठी आंब्याची फांदी तोडण्यापेक्षा जागा किंवा कंपनी बदललेली बरी.

पावसाचं दुखणं मात्र सगळ्यांनाच आहे. या सगळ्या सेवा केयू बँडच्या लहरींवर चालतात. जोराच्या सरीत या लहरी पाण्याच्या थेंबांत क्षीण होतात आणि पडद्यावर "सिग्नल नाही" असं येतं. "आमची छत्री पावसात जात नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. छत्री नेमकी जुळवलेली असेल तर सिग्नल उशिरा जातो आणि लवकर परततो, एवढाच फरक. ऐन पावसात हवामानाचा अंदाज हवा असेल तर रेडिओ किंवा मोबाईल हाताशी ठेवा. विजा चमकत असतील तेव्हा टीव्हीचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवा. मात्र विजा सुरू होण्याआधी, बरं का.

दराचं गणित

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याचे नवे दरनियम 2019 च्या सुरुवातीला लागू झाले. तेव्हापासून आपल्याला हवं ते चॅनेल सुटं निवडण्याचा हक्क आहे. तेव्हा पहिल्या 100 चॅनेलसाठी 130 रुपये अधिक कर अशी जोडणी शुल्काची मर्यादा होती. 2020 मध्ये त्याच पैशात 200 चॅनेल द्यायला सांगितले. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता हे शुल्क किती घ्यायचं ते कंपनी ठरवते. म्हणून जुन्या ओळखीवर जाऊ नका. आजचा दर विचारा आणि 18 टक्के कर धरून विचारा.

एचडी चॅनेलचा दर बहुधा साध्यापेक्षा जास्त असतो. इथं सगळ्यात मोठी गळती पॅकमधून होते. शंभर चॅनेलच्या पॅकमध्ये घरातली माणसं सात-आठच बघतात. एक कागद घ्या. आई कुठलं बघते, मुलं कुठलं, क्रिकेट कुणाला हवं, ते लिहा. त्यातली मोठ्या पडद्यावर खरंच शोभतील अशी दोन-चारच एचडीत घ्या, म्हणजे खेळाचं, सिनेमाचं. बातम्या आणि मालिका साध्या चित्रात चालतात. आणि एकच चॅनेल साधंही आणि एचडीही असं दोनदा चालू नाही ना, तेही तपासा.

कंपनी उद्या असेल का?

या धंद्याला ओहोटी लागली आहे. ट्रायच्या आकड्यांनुसार 2020 च्या अखेरीस देशात पैसे भरून छत्री चालवणारे सुमारे 7 कोटी ग्राहक होते. 2024 मध्ये ते 6 कोटींच्या आसपास आले. काही मोबाईल आणि इंटरनेटकडे गेले, काही फ्री डिशकडे. कंपन्याही एकमेकींत मिसळतात. व्हिडिओकॉन डी2एच 2018 मध्ये डिश टीव्हीत गेली. टाटा प्ले आणि एअरटेल यांची बोलणी 2025 मध्ये झाली आणि थांबली. 2008 मध्ये सुरू झालेली रिलायन्स बिग टीव्ही पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली, तिने नाव बदललं आणि अखेर बंद पडली. ग्राहकांच्या पत्र्यावर नुसत्या छत्र्या उरल्या.

एका कंपनीचा बॉक्स व्यवहारात दुसरीला चालत नाही. कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स द्यावा, अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली होती, पण ग्राहकाच्या हातात तसा बॉक्स आलेला नाही. म्हणून स्वस्त पडतो म्हणून दोन-तीन वर्षांचा रिचार्ज एकदम भरू नका. पीक विकल्यावर सहा महिन्यांचा भरला तर तारखेची कटकटही जाते आणि फार पैसे अडकतही नाहीत. बॉक्स विकतचा की भाड्याचा, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मिस्त्री. तुमच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर कोणत्या कंपनीचा माणूस आहे, बोलावल्यावर किती दिवसांनी येतो आणि फेरीचे किती घेतो, हे गावातल्या तीन ग्राहकांना विचारा. पंप कोणताही घ्या, दुरुस्तीवाला जवळ नसेल तर पीक वाळतं.

फ्री डिशचा पर्याय

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदा भरले की दरमहा काही नाही. आज ती 4 कोटींहून जास्त घरांत आहे. सह्याद्री वाहिनी आणि 26 मे 2015 रोजी सुरू झालेली डीडी किसान तिच्यावर मिळते. एचडी मात्र इथं फार थोडं आहे. घेताना एमपीईजी-4 चा बॉक्स मागा. जुन्या बॉक्सवर काही चॅनेल दिसत नाहीत.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना एक सांगणं. कार्यालयात, शाळेत किंवा समाजमंदिरात टीव्ही लावायचा असेल तर आधी फ्री डिशचा विचार करा. दरमहाच्या रिचार्जची तरतूद विसरली गेली की टीव्ही बंद पडतो आणि खरेदीचा खर्चही वाया जातो.

तर क्रम असा ठेवा : पडदा आणि बसण्याचं अंतर, मग झाडाची आड, मग मिस्त्री, मग चॅनेलची यादी, आणि शेवटी दर. कंपनीचं नाव त्यातून आपोआप निघेल. यादी करून 32 इंची टीव्हीला फ्री डिश पुरते असं दिसलं, तर वर्षाचे 3,600 रुपये वाचतील. तेवढे पैसे पेरणीच्या दिवसांत खतासाठी उपयोगी पडतील.