रेंडर लावलाय, पण कुठे?

तीन मिनिटांची थ्रीडी फिल्म करताय? जरा हिशोब करा. सेकंदाला २४, म्हणजे ४,३२० फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तर एकट्या मशीनला सलग तीस दिवस लागतील. आणि सबमिशन पुढच्या सोमवारी! मग ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, 'क्लाउडवर टाकूया ना.'

थांबा. तुमच्या कॉलेजची लॅब रात्री काय करते? कुलूप लावून झोपते. तेवढ्याच ताकदीची वीस मशीन रात्री दहा-दहा तास चालली, तर हेच काम चार रात्रींत उरकतं. ब्लेंडरवाल्यांचं फ्लेमेंको फुकट मिळतं: एक मशीन मॅनेजर, बाकीची वर्कर, आणि सगळ्यांना दिसेल असं एक सामायिक फोल्डर. खरी अडचण लॅबच्या किल्लीची असते (त्यासाठी सरांच्या मागे लागायला लाजू नका).

क्लाउड वाईट नाही. शेवटच्या दोन दिवसांत शॉट बदलला, तर भाड्याने मिळालेली शंभर मशीन म्हणजे जीवदानच. पण तिथे रिक्षासारखा मीटर पडत असतो. टेक्श्चरचा पाथ चुकून रात्रभर गुलाबी फ्रेम निघाल्या, तरी भाडं द्यावंच लागतं. ओळखीतल्या एका ग्रुपने अशा फ्रेमसाठी वर्गणी काढून बिल भरलंय. लॅबमध्ये हीच चूक झाली तर फक्त एक रात्र जाते.

म्हणून पहिल्या चुका लॅबमध्येच करा. क्लाउडवर जायचंच झालं, तर आधी प्रत्येक शॉटची एकच फ्रेम काढा, तिचा खर्च बघा, गुणाकार करा आणि मगच बटण दाबा.