नंबर म्हणू की कोड?

पुण्यातल्या सिग्नलला पुढच्या गाडीवर 'एमएच १९' दिसलं की मी उगाचच खूश होते. आपल्या जळगावची गाडी! धुळेकरांचं 'एमएच १८' बघून अगदी हेच होतं. पण त्या पाटीला आपण म्हणतो काय? गाडीचा नंबर. त्यात अक्षरं असतात, हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं.

अक्षरं आणि आकडे एकत्र आले की इंग्रजीत त्याला 'अल्फान्युमेरिक' म्हणतात. पासवर्ड बदला म्हणून मागे लागलेला ऑफिसचा आयटीवाला सोडला, तर हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. शिवाय इंग्रजीचं तरी कुठे एकमत आहे? 'पॅन'मधला 'एन' म्हणजे नंबर, पण त्याच्या १० जागांपैकी ६ जागी चक्क अक्षरं. 'आयएफएससी'मधला शेवटचा 'सी' मात्र कोडचा. त्याच्या ११ जागांपैकी पहिल्या ४ अक्षरांवरून बँक कळते.

नावाने काय फरक पडतो, असं म्हणाल. जळगावच्या केळीत नाही पडला. 'ग्रँड नेन' हे मूळचं फ्रेंच नाव, अर्थ 'मोठी बुटकी'. आपल्याकडे ती झाली 'जी-नाइन'. नावाचा थेट कोड! तरी शेतकऱ्याला आणि रोपंवाल्याला एकमेकांचं बरोब्बर कळतं.

कॉम्प्युटर मात्र एवढा समजूतदार नाही. आयएफएससीमध्ये पाचव्या जागी शून्य असतं. फोनवर झीरोला 'ओ' म्हणायची आपली स्टाइल, समोरचा 'ओ' टाइप करतो आणि घरी पाठवायचे पैसे अडकतात. हाच घोळ नको म्हणून गाड्यांच्या १७ जागांच्या चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत.

पॅन सांगतानाही एक चेक करून बघा. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' असतं, म्हणजे पर्सन, आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. पाटलांच्या पॅनमध्ये तिथे 'बी' ऐकू आला, तर ऐकण्यात गडबड आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

तेव्हा 'अल्फान्युमेरिक' म्हणताना जीभ अडखळत असेल तर सरळ 'कोड' म्हणा. 'नंबर' म्हटलं की समोरचा नुसते आकडे ऐकायला बसतो. आणि हो, शून्याला शून्यच म्हणा. मराठीत त्याचा 'ओ' व्हायची भीतीच नाही!