माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात दूर्वांच्या जुड्यांचे ढीग लागतात. एकवीस दूर्वा वाहिल्याशिवाय गणरायाची पूजा पुरी होत नाही. श्राद्धाला दर्भ लागतो, उन्हाळ्यात माठात वाळा पडतो. तृणाला देवघरात मानाचे स्थान देणारा आपला समाज देवगिरीच्या पायथ्याशी उभा राहिला, तर मात्र समोरच्या माळावरील चार गवतांची नावेही सांगू शकत नाही. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्या नाशाचे दुःख कोणाला होणार?

प्रथम ओळख करून घेऊ. आपण ज्याला सरसकट गवत म्हणतो, ते सारे गवत नव्हे. लव्हाळा गवतासारखा दिसतो. पण त्याचा दांडा भरीव आणि तीनधारी असतो, त्याचे कूळ वेगळे. गाजरगवत तर सूर्यफुलाच्या कुळातले, परदेशातून आलेले तण. खऱ्या गवताचा दांडा गोल, पेरे असलेला आणि बहुधा आतून पोकळ. ज्वारी, बाजरी, गहू, ऊस आणि बांबू ही त्याच कुळाची भावंडे. मराठवाड्याच्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद येथील विद्यापीठातील डॉ. व्ही. एन. नाईक यांनी केली. त्यांचा ग्रंथ 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी 1973 साली दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार ठरविले. आपले दख्खनचे पठार त्यांतील ‘सेहिमा-डायकॅन्थियम’ प्रकारात मोडते. शास्त्राची ही नावे परकी वाटली, तरी गवते घरचीच आहेत. उताराच्या हलक्या, मुरमाड जमिनीवरचे शेडा आणि पवन्या म्हणजे सेहिमा. सपाटीच्या भारी जमिनीतील मारवेल म्हणजे डायकॅन्थियम. गुराख्याला ही नावे तोंडपाठ होती.

या गवतांचे सामर्थ्य मातीखाली असते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा. गवताचे ठोंब सरींचा मारा झेलतात, मुळांचे जाळे माती धरून ठेवते आणि पाणी मुरवते. वाढीचा कोंब जमिनीलगत असल्याने गुरांनी शेंडा खाल्ला तरी ठोंब पुन्हा फुटतो. कुसळीचे बी पाहावे. त्याचे पिळदार कुसळ हवेतील ओलाव्याने उलगडते, कोरडेपणाने आवळते आणि बी गिरमिटासारखे मातीत शिरते.

परंतु सोसण्यालाही सीमा असते. चराई अनिर्बंध झाली की आधी शेडा, पवन्या यांसारखी बहुवर्षायू, सकस गवते जातात. मग कुसळी माजते. तीही खुंटली की पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर वाळणारी निकृष्ट गवते उरतात आणि अखेर उघडा मुरूम. माळाचे आरोग्य असे गवताच्या नावावरून वाचता येते.

शासनदप्तरी मात्र या भूमीची ओळख काय? कोठे ‘पोटखराब’, कोठे ‘पडीक’. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ आणि खालावलेली कुरणे समाविष्ट आहेत. पडीक म्हटले की दोनच उपाय सुचतात: प्रकल्पाला द्या किंवा झाडे लावा. 2019 साली राज्यात 33 कोटी वृक्षांचा संकल्प झाला. हेतू निर्मळच होता. पण खड्डा कोठे खणावा, हा प्रश्न आपण किती ठिकाणी विचारला? वृक्षारोपणात अग्रभागी असणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही हे आत्मपरीक्षण करावयास हवे. जातिवंत गवताच्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या, तर सावली वाढते आणि चारा घटतो. माळढोक, चिंकारा, धाविक या मोकळ्या माळाच्या जिवांना झाडोरा नकोच असतो. 1979 साली नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज तेथे त्या पक्ष्याचे दर्शनही दुर्लभ झाले आहे.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा नव्हे. रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी, उजाड झालेल्या वनात ती अवश्य लावावीत. माळावर मात्र गवत जगवावे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने चराईबंदी पाळली. गुरे मोकळी सोडण्याऐवजी गवत कापून गोठ्यात नेले. 2013, 2016 आणि 2019 च्या दुष्काळांत मराठवाड्यातील गोधन चारा छावण्यांच्या दावणीला बांधावे लागले, हे आठवले म्हणजे या साध्या शिस्तीचे मोल कळते.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष घोषित केले. आपल्यापुरते तीन नियम पुरेत. गावच्या गायरानावरील गवतांची नावे धनगर-गुराखी वृद्धांकडून नोंदवून घ्यावीत. माळाचा एक भाग आळीपाळीने राखून, बी पडल्यावरच विळा लावावा. आणि वृक्षारोपणाचा पहिला खड्डा खणण्यापूर्वी तेथे आधीच काय उगवले आहे, ते वाकून पाहावे. ज्या तृणाला आपण देवाच्या मस्तकी ठेवतो, त्याला निदान पडीक तरी म्हणू नये.