दुकानाची गाडी : हलकी बरी की भारी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांना मात्र ४० टक्के लागतो. तेव्हापासून आमच्या दिग्रसच्या बाजारपेठेत दुकानावर बसणाऱ्या तरुणांच्या तोंडी एकच गोष्ट आहे. शंभर सीसीची जुनी गाडी काढून टाकायची आणि ३४९ सीसीची भारदस्त गाडी घ्यायची. हप्ता थोडा जास्त जाईल, पण गाडी दणकट, रस्त्यावर स्थिर, माणसाला वजन देणारी, असे त्यांचे म्हणणे असते.

मी कापड मोजणारा माणूस आहे, मोटारसायकलींचा कारागीर नव्हे. पण आमचा धंदा निम्मा दुकानात आणि निम्मा आठवडी बाजारात चालतो. दारव्हा, मानोरा, आर्णी, पुसद या चारही दिशांना माल घेऊन फिरण्यात माझी उमर गेली. वडिलांची लुना, नंतर माझी सेकंडहँड राजदूत आणि त्यानंतर शंभर सीसीची हिरो होंडा, एवढा माझा तजुर्बा आहे. त्यात तीन वर्षांपूर्वी घरातच एक धडा मिळाला, म्हणून हे लिहीत आहे.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. मोठ्या मुलाने दोनच महिन्यांपूर्वी हप्त्याने मोठी गाडी घेतली होती. मागे साड्यांचा आणि ब्लाउज पीसचा गठ्ठा बांधून तो बाजाराला गेला. रात्री पाऊस झालेला, बाजाराच्या मैदानात काळ्या मातीचा चिखल. गाडी जवळजवळ थांबलेलीच होती. त्याने जमिनीवर पाय टेकवला, पाय घसरला, गाडी कलली आणि गठ्ठ्यासकट त्याच्या पायावर आली. घोटा मोडला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा आमचा सगळा सीझन तो खाटेवर होता. बाजार बुडाले आणि खेड्यापाड्यांतली उधारीची वसुली अडली. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जात राहिला.

तेव्हा मी सगळा दोष गाडीला दिला. आज शांतपणे विचार करता दोष गाडीचा नव्हता, निवडीचा होता, असे माझे मत झाले आहे.

अवघड काय असते?

गाडी पळवणे अवघड नसते. वेग आला की दोन चाके आपोआप तोल धरतात, मग गाडी ११० किलोची असो की २०० किलोची. अवघड असते ते थांबणे, निघणे, वळवणे, मागे ढकलणे आणि स्टँडवर लावणे. नेमके हेच काम बाजार करणाऱ्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा करावे लागते.

आता आकडे पाहा. स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आहे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे १९५ किलो. फरक ८३ किलोचा, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस. गाडी सरळ उभी असेपर्यंत हे वजन चाकांवर असते, आपल्याला जाणवत नाही. ती थोडी कलली की वजन पायावर येऊ लागते. हलकी गाडी बरीच कलली तरी मांडीच्या जोरावर सावरता येते. भारी गाडी एका मर्यादेपलीकडे गेली की पैलवानालाही आवरत नाही. अशा वेळी गाडी सोडून बाजूला व्हावे हेच शहाणपणाचे, पण ऐनवेळी हात सुटत नाही.

उंचीचा प्रश्न मात्र लोक समजतात तसा नाही. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच, क्लासिकची ८०५. पण मीटिऑर ३५० ही १९१ किलोची गाडी, तिची सीट ७६५ मिलिमीटरच आहे. होंडाची गोल्ड विंग ही लांबच्या प्रवासासाठी जगभर नावाजलेली गाडी साडेतीनशे किलोच्या पुढे जाते, तरी तिची सीट स्प्लेंडरपेक्षा खाली आहे. तिला मागे घेण्यासाठी कंपनीने खास सोय दिली आहे, कारण ती माणसाने ढकलण्यासारखी नाही. म्हणजे पाय टेकतात म्हणून गाडी सोपी, असेही समजू नये.

मोठ्या गाडीची बाजू

न्यायाने बोलायचे तर मोठ्या गाडीचेही म्हणणे ऐकले पाहिजे. गेल्या वर्षी मी मुलाच्या मागे बसून नागपूरला गेलो. आर्णीपासून पुढे नागपूर-तुळजापूर महामार्ग लागतो. समोरून कंटेनर गेला की माझी शंभर सीसीची गाडी हवेच्या झोताने हलते, हात आखडून धरावे लागतात. ही गाडी जागची हलली नाही. दीडशे किलोमीटरच्या वर अंतर कापूनही कंबर दुखली नाही. शिवाय एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची साधी सोय पुरेशी मानली गेली. अचानक ब्रेक मारताना हा फरक जाणवतो.

तेव्हा लहान गाडी सोपी हे खरे, पण गावात आणि बाजारात. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर तीच गाडी माणसाला थकवते. मात्र आपले दुकानदार वर्षातून किती वेळा असा प्रवास करतात? आणि आपल्याजवळून गेलेल्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला, लहान असो की मोठी, मुळी प्रवेशच नाही.

परवाना एक, गाड्या दोन

आपल्याकडे एक मोठी उणीव आहे. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना शंभर सीसीवर चाचणी देऊन मिळतो आणि त्याच कागदावर साडेसहाशे सीसीची गाडीही चालवता येते. युरोपात तसे नाही. तिथे आधी १२५ सीसीपर्यंतचा परवाना, मग मधला, मग मोठ्या गाडीचा, अशा पायऱ्या आहेत. जपानमध्येही १२५ आणि ४०० सीसीला परवाना बदलतो. आपल्याकडे ही पायरी सरकारने ठेवली नाही, म्हणून ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठेवावी.

गिअरचेच पाहा. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. पाच गिअरच्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर दहा वर्षे चाललेला पाय घाईत सवयीने पुढे दाबतो. तिथे गिअर वाढण्याऐवजी उतरतो, मागचे चाक आवळते आणि गाडी घसटते. जुन्या बुलेटचा तर गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. आमच्या वेळी बुलेट चालवणारा आधी चार दिवस मैदानात फिरायचा, मगच रस्त्यावर यायचा. ती रीत चांगली होती.

हिशेब आणि ओझे

व्यापाऱ्याने खर्चही मांडावा. रोज ६० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर १५०० किलोमीटर होतात. माझी गाडी लिटरला ६० देते, म्हणजे २५ लिटर. मुलाची ३५ देते, म्हणजे ४३ लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी महिन्याला १८०० रुपयांचा फरक पडतो. वर्षाचे २१,६०० झाले. टायर, सर्व्हिसिंग आणि जास्तीचा हप्ता यात धरलेला नाही. ब्लाउज पीसच्या नफ्यातून हे पैसे काढायला किती गिऱ्हाईक लागते, ते ज्याचे त्याने पाहावे.

पण हलकी गाडी घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. सीटवर डोक्याइतका उंच गठ्ठा बांधला की शंभर सीसीची गाडीही बेभरवशाची होते. वजन मागे आणि वर गेले की पुढचे चाक हलके होते, हँडल भिरभिरते. माल दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, सारख्या वजनाचा आणि जितका खाली तितका बरा. चिखलात साइड स्टँड रुतून उभी गाडी पडते, म्हणून एक चपटी फरशी किंवा पत्र्याचा तुकडा पिशवीत ठेवावा. आणि हेल्मेट गाडी लहान म्हणून घरी ठेवू नये. रस्ता गाडीचे सीसी विचारत नाही.

गाडी घेण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहा. गाडीवर बसून दोन्ही टाचा टेकतात का ते पाहा. इंजिन बंद ठेवून ती दहा पावले मागे ढकला. आणि आपल्या गल्लीच्या रुंदीत पाय न टेकता वळवून बघा. तिन्ही जमले तर गाडी तुमची. एकही न जमल्यास ती अजून शोरूमचीच आहे, असे समजावे.

आमच्या घरी शेवटी काय ठरले तेही सांगतो. मुलाने मोठी गाडी विकली नाही, मीही आग्रह धरला नाही. खरेदीसाठी नागपूरला जायचे तर तो तिच्यावर जातो, कारण माल ट्रान्सपोर्टने येतो आणि गाडीवर फक्त माणूस असतो. बाजारासाठी आम्ही शंभर सीसीची एक जुनी गाडी रोखीने घेतली. परवा गठ्ठा बांधताना तो म्हणाला, "अब्बा, ही गाडी थांबवताना भीती वाटत नाही." व्यापारी बंधूंनी आपल्या मुलांना गाडी घेऊन देताना तिचा वेग आणि आवाज जरूर पाहावा, पण ती थांबवताना मुलगा निर्धास्त राहील का, हे आधी पाहावे.