स्वस्त यंत्र, शिळा नकाशा

कापडाचा व्यापार करणारे एक गृहस्थ आपल्या टेम्पोसाठी जीपीएस यंत्र पाहावयास गेले. नव्या यंत्राशेजारीच काही वर्षांपूर्वीचे, खोक्यातून न काढलेले यंत्र ठेवले होते. किंमत निम्म्याहून कमी. सौदा ठरतच होता, तोच बरोबर आलेल्या मुलाने विचारले, “अण्णा, ह्यातला नकाशा कोणत्या सालचा?” दुकानदारास उत्तर देता आले नाही.

प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. उपग्रहांचे संकेत सर्वांना विनामूल्य मिळतात आणि जुने यंत्रही त्यांवरून आपली जागा ओळखते. मात्र ती जागा कोणत्या रस्त्यावर आहे, हे यंत्रात साठविलेला नकाशा सांगतो. रस्ते बदलतात, नकाशा आपोआप बदलत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मुंबई व न्हावाशेवा यांना जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. त्यापूर्वीच्या नकाशाला हे दोन्ही मार्ग ठाऊक नसतात. असे यंत्र चालकास जुन्याच वाटेने नेते, आणि वाया गेलेले डिझेल व वेळ मालकाच्या खर्चात पडतात.

दुसरी बाब यंत्राच्या कालगणनेची. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ नंतर असे एप्रिल २०१९ मध्ये घडले. अंतर्गत आज्ञावली अद्ययावत न केलेली काही जुनी यंत्रे त्यानंतर चुकीची तारीख दाखवू लागली. म्हणून नकाशाबरोबर आज्ञावलीचीही चौकशी करावी.

‘आजीवन नकाशे’ हे शब्द खोक्यावर असले तरी ते आयुष्य ग्राहकाचे नव्हे. निर्माता त्या नमुन्यास नकाशे पुरवीत राहील तोवरचेच असते. शिवाय नवा नकाशा मोठा असल्यास जुन्या यंत्राच्या स्मृतीत मावत नाही, वेगळे कार्ड घ्यावे लागते. बॅटरी तर न वापरताही क्षीण होते.

तेव्हा हिशेब असा मांडावा. समजा, यंत्र अडीच हजारांचे आहे. नकाशाचे दीड हजार, कार्ड व तारेचे सातशे. एकूण चार हजार सातशे झाले. नवे यंत्र सहा हजारांना मिळत असेल, तर खरी बचत साडेतीन हजारांची नसून तेराशेचीच आहे. आणि नकाशा मिळतच नसेल, तर त्या यंत्राची गणना पडून राहिलेल्या मालातच करावी. असा माल स्वस्त का होतो, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

याचा अर्थ जुने यंत्र सदैव त्याज्य, असा नाही. नकाशा मिळत असेल, तर घाटात मोबाइलचे जाळे नसतानाही ते चालते आणि चालकाचा फोन त्यासाठी अडकून पडत नाही. मात्र नकाशा आधी उतरवून ठेवल्यास फोनही जाळ्याविना वाट दाखवितो; म्हणून यंत्राची गरज खरोखर आहे का, हेही तपासावे. घेण्यापूर्वी ते मोकळ्या आकाशाखाली सुरू करून पाहावे. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रास उपग्रहांची संपूर्ण माहिती मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा.

त्या गृहस्थांनी यंत्राच्या नमुन्याचा क्रमांक टिपून घेतला आणि सौदा दुसऱ्या दिवसावर ठेवला. चौकशीअंती त्या नमुन्यासाठी नकाशे निघणे बंद झाल्याचे कळले. त्यांनी यंत्र घेतले नाही. सवलत हातची गेल्याची रुखरुख त्यांना थोडा वेळ वाटली. परंतु रात्री-अपरात्री माल घेऊन निघणाऱ्या चालकाला चुकीच्या वाटेवर धाडण्याची जबाबदारी टळली, याचे समाधान त्याहून मोठे होते.