एवढासा किडा मोजून काय मिळणार?

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात सापडलेल्या एका भुंगेऱ्याचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली वेस्ली हॉल या संशोधकाने केले. नाव ठेवले स्कायडोसेला मुसावासेन्सिस. नाव जिभेवर बसत नाही, पण प्राणी ऐकण्यासारखा आहे. या प्रजातीत ही एवढी एकच जाती. मुक्काम झाडावर वाढणाऱ्या अळंबीवर. २०१५ साली मॉस्कोचे अलेक्सी पोलिलोव यांनी कोलंबियातल्या जंगलातून असे ८५ भुंगेरे आणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. सर्वांत लहान भरला ०.३२५ मिलिमीटर! असे तीन एकापुढे एक उभे केले तरी पट्टीवरचा एक मिलिमीटर भरत नाही. याहून लहान कीटक आहेत, पण ते दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढणारे. आपल्या कष्टाचे खाऊन जगणाऱ्यांत हाच सर्वांत लहान. एवढ्याशा देहात मेंदू आहे, पाय आहेत, पिसासारखे झालरीचे पंखसुद्धा आहेत.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी विचारले, "हे मोजून काय मिळालं त्यांना?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. बी.ए.ला नाव घातले त्या दिवसापासून तो मलाही विचारला जातो.

आपली शिकलेली मंडळी यावर घाईघाईने उपयोग सांगू लागतात. बुरशीवरचे किडे निसर्गात अमुक काम करतात, उद्या त्यातून तमुक यंत्र निघेल. निघेलही. पण मला हा बचाव पटत नाही. उपयोग दाखवल्यावरच जर ज्ञानाला घरात घ्यायचे, तर इतिहासाने आणि कवितेने उंबऱ्याबाहेरच उभे राहावे काय? वडिलांचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत नाही. फीचे पैसे ते मोजतात, आणि मोजणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो. मी त्यांना एवढेच म्हटले, "तो आहे, आणि तो केवढा आहे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. आता आहे."

आपल्याकडे किडा म्हणजे फवारणीचा विषय. पावसाळ्यात वाळक्या खोडावर अळंबी फुटते, ती आपण चपलेने उडवतो. प्राध्यापकवर्गाला विनंती आहे, ग्रंथालयात कोशांच्या कपाटाशेजारी एक चांगले भिंग ठेवावे. कला शाखेच्या मुलांनाही डोळे आहेत.