सकाळी परदेशी, रात्री घरी

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन राजधान्यांमधले अंतर जेमतेम साठ किलोमीटर. आपल्याकडे सीएसएमटीहून अंबरनाथ गाठायला जेवढे जावे लागते, साधारण तेवढेच. व्हिएन्नाहून सकाळी रेल्वेत बसले की तासाभरात माणूस स्लोव्हाकियात उतरतो, टेकडीवरचा किल्ला पाहतो, जुन्या गावातल्या गल्ल्या हिंडतो, जेवतो आणि दिवेलागणीला परततो. उन्हाळ्यात हौशी लोक डॅन्यूबमधल्या बोटीनेही जातात. असल्या एकदिवसीय फेरीची प्रवासी मंडळींत बरीच टिंगल होते. पाच तासांत देश उरकला, फोटो काढले, पासपोर्टच्या यादीत भर पडली, असे म्हटले जाते. टिंगल अगदीच निराधार नाही. तरीही दोन देशांमधली सीमा कितपत मोकळी आहे हे ओळखायचे असेल, तर या फेरीइतकी चोख कसोटी दुसरी नाही. करारांवर सह्या होतात, विमानेही उडतात. पण साधा माणूस पिशवीत पाण्याची बाटली टाकून सहज पलीकडे जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी येतो का, हे पाहावे. आणि म्हणूनच सरकारांनी या फेरीकडे पर्यटनातली किरकोळ बाब म्हणून पाहणे चूक आहे.

या दोन शहरांचा इतिहासच त्याची साक्ष देतो. 1914 साली दोन्हींना जोडणारी विजेची रेल्वे सुरू झाली, तेव्हा दोन्ही शहरे हॅब्सबर्ग साम्राज्यात होती. साम्राज्य मोडले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी पडदा पडला आणि ब्रातिस्लाव्हाच्या अंगणातूनच काटेरी तारा गेल्या. शहराच्या कडेला मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते, तिथे देवीन नावाचा जुना किल्ला आहे. संगमावर उभे राहिले की समोर, हाकेच्या अंतरावर ऑस्ट्रिया. किल्ल्याच्या पायथ्याशी सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे. ज्या नदीकाठावर आज लोक सायकली घेऊन फिरतात, तिथे चाळीस वर्षे पहारेकऱ्यांच्या बंदुका होत्या. 10 डिसेंबर 1989 रोजी, साम्यवादी राजवट कोसळत असताना, ब्रातिस्लाव्हाचे हजारो लोक चालत सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्गला गेले आणि त्याच दिवशी परतले. त्यांना स्थलांतर करायचे नव्हते, आश्रयही मागायचा नव्हता. स्वातंत्र्य मिळाल्याची खूणगाठ त्यांनी बांधली ती एका दिवसाच्या फेरीने. 2004 मध्ये स्लोव्हाकिया युरोपीय संघात आला, 21 डिसेंबर 2007 रोजी तपासणीविना ये-जा करता येणाऱ्या शेंगेन क्षेत्रात, आणि 2009 पासून नाणेही एकच झाले.

त्यानंतर जे घडले ते कुठल्या सरकारी आराखड्यात आधी लिहिलेले नव्हते. ब्रातिस्लाव्हात घरे महागली, तेव्हा स्लोव्हाक कुटुंबे हाइनबुर्ग, किट्झे अशा ऑस्ट्रियन गावांत राहायला गेली. झोपायला एका देशात आणि नोकरीला दुसऱ्या, असा त्यांचा दिनक्रम झाला. 2012 मध्ये मोराव्हावर सायकलस्वारांसाठी पूल झाला. नावासाठी ऑनलाइन मतदान घेतले, तर लोकांनी हॉलिवूड अभिनेता चक नॉरिसला निवडले! अखेर प्रादेशिक विधिमंडळाने ‘स्वातंत्र्याचा पूल’ असे गंभीर नाव दिले. फेरी उथळ असते हा आक्षेप इथे लंगडा पडतो. एका फेरीत देश कळत नाही, हे खरेच. पण सीमेवरच्या माणसाची फेरी एकच नसते. तो पुन्हा जातो, रस्ते ओळखीचे होतात, दुकानदार चेहऱ्याने ओळखू लागतो, आणि मग तिथे घर पाहण्याचा विचार मनात येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक जातात ते संस्कृतीसाठी नव्हे, स्वस्त मालासाठी. हेलसिंकी आणि टॅलिन यांचे उदाहरण घ्या. मधे सुमारे ऐंशी किलोमीटरचे आखात, फेरीबोटीने दोन तास. फिनलंडमध्ये दारूवर कर भरमसाट, म्हणून फिनिश लोक टॅलिनहून बिअरची खोकी हातगाड्यांवर लादून आणत. पुढे एस्टोनियाने कर वाढवला, तर एस्टोनियन लोकच सीमेपलीकडे लाटव्हियात जाऊ लागले, आणि 2019 मध्ये सरकारला दारूवरचे उत्पादन शुल्क पंचवीस टक्क्यांनी उतरवावे लागले. यात हेलसिंकीच्या तिजोरीचे नुकसान झाले, आरोग्य खात्याची डोकेदुखी वाढली, हे नाकारून चालणार नाही. पण शेजाऱ्याचे धोरण नागरिकांना प्रत्यक्ष पाहता आले, तुलना करता आली, आणि राज्यकर्त्यांना त्याची दखल घ्यावी लागली. स्वस्त बिअरसाठी गेलेला माणूसही मतदार असतोच.

सुरक्षेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. 2015 च्या निर्वासितांच्या लोंढ्यानंतर ऑस्ट्रियाने काही सीमांवर तपासणी परत आणली, 2022 च्या शरदात स्लोव्हाक सीमेवरही आणली. 2020 मध्ये कोविडने तर सीमाच बंद झाल्या आणि हाइनबुर्गला राहून ब्रातिस्लाव्हात काम करणाऱ्यांची पंचाईत झाली. राज्याला तपासणीचा हक्क आहेच. प्रश्न इतकाच की ‘तात्पुरती’ म्हणून लादलेली बंधने वर्षानुवर्षे वाढवली जातात, आणि त्यांचा काच तस्करांपेक्षा सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्याला अधिक बसतो. तस्कर वाट काढतो. नोकरदाराची गाडी चुकते.

दिल्लीकरांना अशा फेरीची चैन नाही. रोजच्या फेरीच्या टप्प्यात परदेश नाही, आणि अमृतसर-लाहोर हे पन्नासेक किलोमीटरचे अंतर मैलांत मोजण्यात अर्थ उरलेला नाही. तरी आपल्याकडे एकदिवसीय परदेशफेरीचा एक प्रयोग झाला. 9 नोव्हेंबर 2019 रोजी पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारा कॉरिडॉर उघडला. सीमेअलीकडच्या डेरा बाबा नानकच्या धुस्सी बंधाऱ्यावरून दुर्बिणीतून तो गुरुद्वारा पाहणाऱ्या भाविकांना, साडेचार किलोमीटर जाऊन, व्हिसाशिवाय प्रत्यक्ष दर्शन घेता येऊ लागले. अट एकच ठळक होती: त्याच दिवशी परत. पासपोर्ट हवा, आधी ऑनलाइन नोंदणी हवी, वर पाकिस्तानचे वीस डॉलर शुल्क. फाळणीत ताटातूट झालेल्या काही भावंडांच्या भेटी तिथल्याच आवारात झाल्या. हे काम एरवी व्हिसा कचेऱ्यांच्या रांगांत अडकून पडले असते. कोविडमध्ये कॉरिडॉर बंद झाला, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये उघडला, आणि मे 2025 मध्ये लष्करी संघर्षाच्या वेळी भारताने पुन्हा बंद केला. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या संतापात तो निर्णय समजण्यासारखा होता. पण कधी काळी फेरविचार होईल, तेव्हा व्यापार, क्रिकेट आणि शिखर बैठकांच्या आधी चर्चा व्हावी ती या फेरीची. रोज ठरावीक संख्या, दोन्ही बाजूंनी नोंद, अंधार पडायच्या आत परतणे बंधनकारक: मोजता येण्याजोगा, थांबवता येण्याजोगा असा संपर्क याहून सोपा कुठला? आणि वीस डॉलर शुल्क रद्द करण्याची मागणी भारताने तेव्हाही केली होती, ती पहिल्याच बैठकीत पुन्हा करावी.